काटेवाल्यांचे एकशे अठरा तास

काटेवाल्यांना कागद वाचायची खोड होती. औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी, पंख्याबरोबर आलेलं सूचनापत्रक, तिकिटामागची मुंगीएवढी अक्षरं, काहीही हातात पडलं की कपाळावरचा चष्मा नाकावर यायचा आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय परत वर जायचा नाही. बायको म्हणायची, "अहो, त्या गोळीने डोकं दुखायचं थांबतं एवढं कळलं की पुरे. ती कुठल्या कारखान्यात झाली ते कशाला हवंय?"

याला कारण होतं. पंचविशीत असताना थोरल्या भावाने "घरपट्टीचा कागद आहे, मार सही" म्हणून एक कागद पुढे केला होता, आणि त्या सहीत घराची मागची खोली गेली. भाऊ तसा वाईट नव्हता. आपणही तो कागद वाचला नव्हता, असं तो शेवटपर्यंत शपथेवर सांगत राहिला. तेव्हापासून काटेवाल्यांनी न वाचता सही करणं सोडलं.

घाऊक बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दहा बाय बाराचं दुकान होतं. छताला पितळी पारड्यांचे तराजू लटकलेले, भिंतीला टेकून गोदामातले पोती मोजायचे काटे, आणि टेबलावर पोट उघडं टाकून पडलेले किराणा दुकानातले इलेक्ट्रॉनिक काटे. बिघडलेला काटा नीट करायचा, सरकारी वजनमाप निरीक्षकाकडून त्यावर शिक्का मारून आणायचा, आणि ज्याचा त्याला परत द्यायचा. बत्तीस वर्षं हेच काम. त्यांचं खरं नाव बाजारात कुणालाच ठाऊक नव्हतं. दुकानाचं नाव मात्र सासऱ्यांनी हौसेने ठेवलेलं होतं, 'प्रिसिजन वेइंग वर्क्स'. सासऱ्यांना भारदस्त शब्दांची आवड होती. दुकान त्यांचंच, त्यांच्या हाताखाली शिकता शिकता काटेवाले जावई झाले, आणि जावई झाल्यावरही दोन वर्षं शिव्या खात होते.

त्या नावातल्या 'वर्क्स' या एका शब्दाने पुढचं सगळं रामायण घडवलं.

झालं असं, की सरकारने एक योजना काढली. कॉलेजांनी उद्योगांशी हातमिळवणी करायची, उद्योगांनी मुलांना पोटापाण्याचं कौशल्य शिकवायचं, आणि या भागीदारीसाठी सरकार अनुदान देणार. अट एकच, भागीदार उद्योग किमान तीन हवेत. गावातल्या कॉलेजाला दोन मिळाले होते. एक बाटल्यांत पाणी भरणारा कारखाना, ज्याचे मालक प्राचार्यांचे साडू होते. दुसरी एक मोठी कंपनी, जिने आपलं बोधचिन्ह वापरायला हरकत नाही असं एका ओळीत कळवलं आणि नंतर कुठल्याच पत्राला उत्तर दिलं नाही. तिसरा होता एक फर्निचरवाला. अर्जाच्या शेवटच्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला, "आमचं नाव काढा. आमच्याकडे आधीच माणसं जास्त झालीत."

कॉलेजातले योजना समन्वयक होते तीस-बत्तिशीचे, कंत्राटी नोकरीतले, कायम धावपळीत असलेले. ते तिसरा भागीदार शोधू लागले. कपाटातली जुनी बिलं उपसताना रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला तराजू दुरुस्त केल्याचं एक बिल हाताला लागलं. वर ठळक अक्षरांत 'वर्क्स'. वर्क्स म्हणजे कारखाना, आणि कारखाना म्हणजे उद्योग. समन्वयक तसेच स्कूटर काढून निघाले.

दुकान पाहून त्यांचा चेहरा पडला, पण वेळ नव्हता. "काका, फक्त एक सही हवीय," ते म्हणाले.

"ठेवून जा. वाचतो."

"बेचाळीस पानं आहेत."

"मग परवा या."

"काका, आज पाच वाजता अर्जाची मुदत संपते!"

काटेवाल्यांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा झाले होते. त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं, चष्मा नाकावर घेतला आणि वाचायला बसले. बसायला दुसरी खुर्ची नव्हती म्हणून समन्वयक एका प्लॅटफॉर्म काट्यावर बसले. ते दर पाच मिनिटांनी उठत, येरझारा घालत, पुन्हा बसत. आणि ते बसले की मागचा काटा अडुसष्टवर जाऊन थरथरत राही.

"कलम नऊ," दीडच्या सुमारास काटेवाले म्हणाले. "'उद्योग भागीदार सहा महिन्यांत किमान एकशेवीस तास प्रत्यक्ष प्रशिक्षण देईल.' हे मी द्यायचं?"

"ते छापीलच असतं काका. सगळ्यांच्या करारात असतं."

"म्हणजे सगळेच देणार?"

"हो. म्हणजे... कागदोपत्री."

"कागदोपत्री कसं शिकवतात?"

समन्वयकांनी घाम पुसला. "तुम्ही सही करा हो. कुणी विचारायला येत नाही."

कुणी विचारणार नाही म्हणून सही करायची, हे काही काटेवाल्यांच्या डोक्यात शिरलं नाही. पण मुलांना शिकवायचं हे मात्र शिरलं. बत्तीस वर्षांत त्यांच्याकडे कुणी शिकायला आलं नव्हतं. त्यांना एकच मुलगी. तिने लहानपणीच सांगून टाकलं होतं की या ग्रीसच्या वासात ती बसणार नाही, आणि ती आता दूरच्या शहरात बँकेत होती. वाचून झाल्यावर साडेतीनला त्यांनी बेचाळीसच्या बेचाळीस पानांवर सही केली. समन्वयक धावत सुटले.

अनुदान मंजूर व्हायला पाच महिने लागले. उद्घाटनाला काटेवाल्यांना तिसऱ्या रांगेत खुर्ची मिळाली. पहिल्या रांगेत प्राचार्यांचे साडू होते. भाषणांत 'उद्योगजगताशी नाळ' हे शब्द सात वेळा आले, काटेवाल्यांनी मोजले. मग चहा झाला आणि सगळे आपापल्या घरी गेले.

सोमवारी सकाळी दहाला काटेवाले इस्त्रीचा शर्ट घालून, हातात हत्यारांची पेटी घेऊन प्राचार्यांच्या दारात उभे राहिले.

"या या," प्राचार्य म्हणाले. "काही दुरुस्ती निघाली का?"

"नाही. शिकवायला आलोय. कलम नऊ."

प्राचार्य आधी हसले, मग हसायचे थांबले. त्यांनी समन्वयकांना बोलावून घेतलं. समन्वयकांनी खाली मान घालून सांगितलं, की हो, कलम नऊ आहे खरं.

"हे बघा काटेवाले," प्राचार्य समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुमची तळमळ कळते मला. पण तुम्ही दुकान सोडून कशाला त्रास घेता? सहा महिन्यांनी आभारपत्र घरपोच पाठवतो की."

"मी सही केलीय," काटेवाले म्हणाले. "तुम्हीपण केलीय. कलम चौदा. खोली, टेबलं आणि बारा मुलं तुम्ही द्यायची."

आता आली का पंचाईत. खोली होती. 'कौशल्य दालन' अशी पितळी पाटी लागलेली, नवी कोरी टेबलं असलेली. पण टेबलांवरचं प्लॅस्टिक अजून काढायचं नव्हतं. तपासणी समिती येईपर्यंत सगळं चकचकीत राहायला हवं होतं. म्हणून खोलीला कुलूप. शेवटी जिन्याखालची जागा देऊ केली. तिथे मोडकी बाकं, फुटके जार आणि एक जुना नकाशा पडलेला होता. काटेवाल्यांना ती जागा दुकानापेक्षा दीड हात मोठी वाटली आणि ते खूश झाले.

मुलांचं प्रकरण अधिक अवघड निघालं. यादीत बारा नावं होती, पण बाराजणांपैकी एकालाही आपण यादीत आहोत याचा पत्ता नव्हता. काटेवाले यादी घेऊन वर्गावर्गांत फिरले. दोघं कॉलेज सोडून गेली होती, एकजण परदेशात होता, एक प्राचार्यांचा भाचा निघाला. बाकीच्यांना ते एकेक करून भेटले. "काटे दुरुस्त करायला?" एका मुलीने विचारलं. "आम्ही कॉमर्सचे आहोत काका." तरी चौघं आली, आणि त्यातली तिघं टिकली.

चौथी जागा ताईंनी भरली. ताई म्हणजे प्रयोगशाळेतल्या मदतनीस. वय चाळीस-बेचाळीस, नवरा नाही, वृद्ध सासूला सांभाळून राहणाऱ्या. जिन्याखाली झाडायची पाळी त्यांचीच. पहिल्या दिवशी त्या झाडू घेऊन आल्या, दुसऱ्या दिवशी झाडू कडेला ठेवून उभ्या राहिल्या, आणि तिसऱ्या दिवशी बाकावर बसल्या.

"मला इथं बसलेलं चालेल ना?" त्यांनी विचारलं.

"यादीत नाव आहे का?" काटेवाल्यांनी विचारलं, आणि मग आपल्याच प्रश्नाची लाज वाटून म्हणाले, "बसा बसा."

पहिला आठवडाभर त्यांनी कुणाला हत्याराला हात लावू दिला नाही. डोळे मिटून तळहातावर वजनं घ्यायची आणि ओळखायची. शंभर ग्रॅम की सव्वाशे? मुलं हसायची. ताई मात्र वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत क्षारांच्या पुड्या बांधत आल्या होत्या. त्यांनी पाच ग्रॅमचा फरक सांगितला तेव्हा काटेवाल्यांनी ते वजन आपल्या हातावर घेऊन पाहिलं, मग तराजूत टाकून पाहिलं. फरक पाच ग्रॅमचाच होता. सासरे हयात असते तर त्यांनी या बाईला एकही शिवी दिली नसती, असं त्यांना वाटून गेलं.

पुढचे तीन महिने बरे गेले. तराजूची दांडी ज्या पोलादी धारेवर डुलते, ती धार कशी घासायची. गंज कुठे लपतो. भाजीवाला पारड्याखाली चिंचोका चिकटवतो तो कसा शोधायचा. मग इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि इथे घोडं अडलं. त्यांच्या पोटातली सर्किटं काटेवाल्यांना धड कळत नव्हती. आजवर ते अंदाजाने भाग बदलून पाहायचे. तिघांपैकी एका मुलाने मोबाइलवर व्हिडिओ शोधले, कुठली तार कशाची ते समजावून घेतलं, आणि ताईंनी कथील वितळवून तारांना बारीक डाग द्यायची कला दोन दिवसांत हस्तगत केली. काटेवाल्यांच्या हाताला ते जमेना. ते मुलांच्या शेजारी बाकावर बसून वही काढून लिहून घ्यायचे.

हजेरीपट त्यांच्याकडेच होता. त्यात एक रकाना प्रशिक्षकाचा, एक प्रशिक्षणार्थींचा आणि एक शेऱ्याचा. डाग द्यायला शिकायच्या दोन आठवड्यांत त्यांनी आपलं नाव प्रशिक्षणार्थींच्या रकान्यात लिहिलं, आणि प्रशिक्षकाच्या रकान्यात ताईंचं. शेऱ्यात लिहिलं, 'आज डाग देणे मला जमले नाही. उद्या पुन्हा.' एका गुरुवारी लिहिलं, 'वीज नव्हती. दोन तास वाया. मुले घरी गेली.'

"काका, हे असं नका लिहू हो," समन्वयक काकुळतीला येऊन म्हणाले. "वीज होती असं लिहा."

"सगळ्या गावाला माहितीय वीज नव्हती."

"समितीला कुठे माहितीय?"

"मग त्यांनाही कळू दे की."

तपासणी समिती आली ती सहा महिने संपल्यावर दुसऱ्याच आठवड्यात. तीन माणसं, त्यांच्या प्रमुख एक बाई, ताठ पाठीच्या आणि मोजकं बोलणाऱ्या. कौशल्य दालनाचं कुलूप निघालं, प्लॅस्टिक निघालं. बाटल्यांच्या कारखान्याचा अहवाल रंगीत कागदावर होता. एकशेवीस तास पूर्ण, हजेरी शंभर टक्के, समाधान पाचपैकी चार पूर्णांक नऊ. मोठ्या कंपनीचाही तसाच. दोन्ही अहवाल समन्वयकांनी एकाच बैठकीत लिहिले होते. बाईंनी मान डोलावली आणि हात धुवायला कुठे जायचं ते विचारलं.

हात धुवायची जागा जिन्यापलीकडे होती. मुदत संपली होती, पण धान्याच्या दुकानातला एक काटा अर्धवट राहिला होता म्हणून काटेवाले, ताई आणि तिघं मुलं तिथेच बसलेली होती. बाई थांबल्या. ताईंनी झाकण बसवलं, स्क्रू आवळले, एक किलोचं वजन ठेवलं. आकडा हजार ग्रॅमवर येऊन स्थिर झाला.

"हे काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

"तिसरा भागीदार," मागून धावत आलेले समन्वयक पुटपुटले. 

बाई मोडक्या बाकावर बसल्या. त्यांनी हजेरीपट मागितला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. काटेवाल्यांना फार बरं वाटलं. दुसऱ्या कुणाला असं सगळं वाचताना ते आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते. वाचता वाचता बाई दोनदा हसल्या. वाया गेलेल्या गुरुवारी थांबल्या. शेवटी पट मिटून म्हणाल्या, "बरीच वर्षं तपासण्या करतेय मी. असा हजेरीपट पाहिला नव्हता." मग त्यांनी काट्यावर हात ठेवून पाहिला, ताईंना दोन प्रश्न विचारले, आणि चहा न घेता निघून गेल्या. समन्वयकांनी त्या दिवशी काटेवाल्यांना मिठीच मारली.

निकाल दीड महिन्याने आला. बाटल्यांचा कारखाना: उत्कृष्ट. मोठी कंपनी: उत्कृष्ट. प्रिसिजन वेइंग वर्क्स: असमाधानकारक. कारणं तीन. एक, एकशेवीसऐवजी एकशे अठरा तास. दोन, प्रशिक्षक हाच प्रशिक्षणार्थी असल्याचे आढळले. तीन, यादीबाह्य व्यक्तीने प्रशिक्षण दिले. खाली त्याच बाईंची सही होती. बाईंनी वाचलं होतं सगळं. फक्त फॉर्ममध्ये त्यासाठी चौकट नव्हती.

काटेवाले पुढच्या शनिवारी कॉलेजात गेले, मुलांना बोलावून दोन तास शिकवलं, आणि तसं पत्र योजनेच्या खात्याला पाठवलं. उत्तर आलं, मुदतीनंतरचे तास ग्राह्य धरता येत नाहीत. त्यांनी ते उत्तरही नीट वाचलं. "बरोबर आहे त्यांचं," ते बायकोला म्हणाले. "कलम एकवीसमध्ये तसंच लिहिलंय."

"बरोबर असो नाहीतर चूक," बायको उसळून म्हणाली, "सहा महिने आठवड्यातून दोन-तीनदा अर्धा दिवस दुकान बंद ठेवलंत, आणि वर शेरा असमाधानकारक! काही वाटतं का तुम्हाला?"

वाटत होतं. रात्री जेवण कमी गेलं. 

कॉलेजाला योजनेचा दुसरा टप्पा मिळाला. प्राचार्यांना पुरस्कारही मिळाला. दुसऱ्या टप्प्याचा विषय उडती यंत्रं, म्हणजे ड्रोन, हा होता आणि त्याच्या तीन भागीदारांत काटेवाल्यांचं नाव नव्हतं. तिघं मुलं पदवी घेऊन पांगली. एक विमा कंपनीत, एक मामाच्या दुकानात, आणि तो व्हिडिओवाला मुलगा पुढे शिकायला. ताई मात्र रविवारी दुकानात येऊ लागल्या. पुढे कॉलेजाने मदतनिसांचं काम एका ठेकेदाराला दिलं आणि ताईंची नोकरी गेली, तेव्हा त्या रोज येऊ लागल्या. गमतीची गोष्ट अशी, की त्या ठेकेदाराला माणसं पुरवायचं अनुदान मिळत होतं, तेही कौशल्याच्याच नावाने.

दुसरी गंमत समन्वयकांची. पहिला टप्पा संपला तसं त्यांचं कंत्राटही संपलं. दुसऱ्या टप्प्याला नवीन समन्वयक घ्यायचा असा नियम निघाला. एका दुपारी ते दुकानात आले, त्याच प्लॅटफॉर्म काट्यावर बसले. काटा बासष्टवर थांबला.

"काका, मला काय येतं?" ते म्हणाले. "सहा वर्षं एकेका योजनेत लोकांना कौशल्य मिळवून देण्याचे अहवाल लिहिले. मुलाखतीत विचारतात, तुमचं स्वतःचं कौशल्य कुठलं? मला उत्तरच सुचत नाही."

"अर्ज भरता येतात ना तुम्हाला?" काटेवाल्यांनी विचारलं. वजनमाप खात्याचे शिक्क्याचे अर्ज आता संगणकावरून भरावे लागत होते, आणि बाजारातले अर्धे दुकानदार त्यात अडकून पडले होते. तेव्हापासून समन्वयक दुकानाच्या कोपऱ्यात एक छोटं टेबल टाकून बसले. बाजार त्यांना 'सर' म्हणू लागला, आणि त्यांचं बरं चाललं.

वर्षभराने योजनेच्या खात्यातून फोन आला. योजनेचा परिणाम मोजायचा होता. पलीकडून एक मुलगी ठरलेले प्रश्न वाचत होती.

"आपल्या भागीदारीतून किती जणांना काम मिळालं?"

"दोघांना," काटेवाले म्हणाले. "एक ताई, आणि एक सर."

"दोघांची नावं लाभार्थ्यांच्या यादीत आहेत का?"

"नाहीत."

ती थोडा वेळ शोधत राहिली. "मग मला शून्य लिहावं लागेल काका."

"लिहा," काटेवाले म्हणाले, आणि फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला. सर हसू लागले. ताई मात्र हसल्या नाहीत. "शून्य तर शून्य," एवढंच म्हणून त्यांनी पेटी उचलली. त्या दिवशी नदीपलीकडच्या गोदामातला मोठा काटा बघायचा होता. ट्रकच्या ट्रक मोजणारा, खड्ड्यात बसवलेला. काटेवाल्यांच्या गुडघ्यांना आता तो खड्डा उतरवत नव्हता. ताई पहिल्यांदाच एकट्या निघाल्या.

काटेवाले दुकानात बसून राहिले. एक तराजू काढला, पुसला, परत टांगला. सरांना तीनदा विचारलं, फोन आला का. दोनच्या सुमारास गोदामाच्या मुकादमाचा फोन आला. "तुमच्या बाईंनी आमच्या माणसाला खड्ड्यातून बाहेर काढलं आणि स्वतः उतरल्या," तो म्हणाला. "खाली उंदरांनी तार खाल्ली होती. आता बरोबर दाखवतोय. पण बिल कुणाच्या नावाने करायचं?"

काटेवाल्यांनी क्षणभर विचार केला. "त्यांनाच विचारा," ते म्हणाले.

मग सरांना दुकान बघायला सांगून ते चार वाजताच घरी गेले. इतक्या वर्षांत ते चारला कधी घरी आले नव्हते. बायको घाबरून दारात आली. "काय झालं? बरं वाटत नाही का?"

"बरं वाटतंय," ते म्हणाले, आणि चप्पल काढून पलंगावर आडवे झाले. बायको कपाळाला हात लावून ताप बघत होती तोवर त्यांना झोप लागलीसुद्धा.